मागच्या गल्लीतून फिट्झरॉय



आमच्या सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मी वाड्यांवर बोलेन अशी संयोजकांची अटकळ होती. मी विषय कळवला तो मेलबर्न शहरातल्या फिट्झरॉय नावाच्या उपनगराचा. त्याचे रस्ते, त्याची घरं. फोनवर क्षणभर शांतता पसरली आणि मग विचारणा झाली, "सर, हे मध्येच ऑस्ट्रेलिया कुठून आलं?"

रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका दगडात आहे, म्हणून दगडापासूनच सुरुवात करतो.

माझी मुलगी मेलबर्नला असते. तिच्याकडे गेलो की दोन दिवसांत मी घरात सगळ्यांच्या पायात येऊ लागतो. मग जावई मला ट्रेनच्या कार्डात पैसे भरून देतात आणि शहरात सोडून देतात. अशाच एका सकाळी फिट्झरॉयच्या एका मागच्या गल्लीत शिरलो. पाऊस नुकताच पडून गेला होता. खाली पाहिलं तर पायाखाली काळा, घडीव, ओला दगड. बोट फिरवलं. सच्छिद्र, जड, टाकीचे घाव अजून स्पष्ट. हा तर आपलाच! शनिवारवाड्याच्या जोत्याचा, घाटांच्या पायऱ्यांचा, आपल्या आजीच्या पाट्यावरवंट्याचा दगड. बेसाल्ट. आपल्या दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यांचा त्यामानाने अगदी कोवळा, बराचसा गेल्या चाळीसपंचेचाळीस लाख वर्षांतला. दोन्हींची जात मात्र एकच. तिथले लोक त्याला 'ब्लूस्टोन' म्हणतात. त्यात निळं काही नाही. पावसानंतर तिरक्या उन्हात पाहिला तर निळसर वाटतो, एवढंच.

फिट्झरॉयच्या जवळून मेरी नावाचा ओढा वाहतो. आपल्याला ते बाईचं नाव वाटेल, पण ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वुरुंजेरी लोकांच्या वोइवुरुंग भाषेतलं आहे. मेरी म्हणजे खडक. या खडकाळ ओढ्याच्या आसपासच्या खाणींतून हा काळा दगड निघाला आणि त्यावर हे उपनगर उभं राहिलं. फिट्झरॉयलाही त्या भाषेत नाव आहे, न्गारगो. अर्थ, उंचवट्याची जागा. ज्यांनी जागेला तिच्या उतारावरून नाव दिलं, त्यांच्याकडून ती गेली. आणि ज्यांच्याकडे गेली त्यांनी तिला एका गव्हर्नराचं नाव दिलं. सर चार्ल्स फिट्झरॉय. ते सिडनीला राहत.

सर आम्हाला पहिल्या वर्षी टेप घेऊन पेठांमध्ये पाठवायचे, ते आठवणारे इथे पुष्कळ जण असतील. ताकीद एकच असायची, दर्शनी बाजूचं चित्र शेवटी काढायचं. आधी मागे जायचं. संडास कुठे आहे, पाणी कुठून येतं, घाण कुठून जाते, ते बघायचं. तेव्हा आम्ही वैतागायचो. फिट्झरॉयमध्ये मला ती ताकीद कळली. म्हणून आज मी तुम्हाला त्या उपनगरात मागच्या गल्लीतून नेणार आहे. तिथे पोचण्याआधी समोरून थोडं हिंडावं लागेल.

पहिली गोष्ट रेघेची.

मेलबर्नची वसाहत 1835 ची. जॉन बॅटमन नावाच्या गृहस्थाने त्या वर्षी वुरुंजेरी वडीलधाऱ्यांशी ब्लँकेटं, चाकू, कुऱ्हाडी, पीठ अशा वस्तूंच्या बदल्यात जमिनीचा 'करार' केल्याचं सांगितलं. सरकारने तो रद्दबातल ठरवला. कारण काय असेल? मूळ मालकांवर अन्याय झाला म्हणून? छे. जमीन राजाची, तेव्हा ती विकण्याचा हक्क राजाचा, म्हणून! 1837 मध्ये रॉबर्ट हॉडल या सर्वेक्षकाच्या नावाने ओळखली जाणारी शहराची चौकट आखली गेली : सरळ, रुंद, काटकोनी रस्ते. आणि पुढच्या एकदोन वर्षांत शहराच्या ईशान्येची जमीन साधारण पंचवीसपंचवीस एकरांचे तुकडे पाडून लिलावात काढली. हे तुकडे शेतीवाडीला जातील, श्रीमंत माणसं बंगला बांधतील, अशी कल्पना. घेणाऱ्यांनी काय केलं असेल? आपल्याकडे रिंगरोडच्या कडेला पंचवीस एकर घेणारा जे करतो तेच. पोटहिस्से पाडले आणि विकले.

आता गंमत बघा. प्रत्येक मालकाने आपापल्या तुकड्यात आपल्या सोयीने रस्ते काढले. शेजाऱ्याचा रस्ता कुठे येतो याची फिकीर कोणी करायची? जितका रस्ता अरुंद, तितके प्लॉट जास्त. म्हणून फिट्झरॉयमध्ये चालताना रस्ता मध्येच खांदा मारल्यासारखा सरकतो, एखादी गल्ली भिंतीवर जाऊन आपटते, एखादा रस्ता अचानक निम्मा होतो. हे सारे सांधे म्हणजे जुन्या खरेदीखतांच्या हद्दी आहेत. सातबारा न उघडता वाचता येणाऱ्या.

आणि समोरच तुलना उभी आहे. फिट्झरॉयची पश्चिम सीमा निकल्सन स्ट्रीट. त्याच्या पलीकडे कार्लटन. तिथली जमीन सरकारने स्वतःकडे ठेवली आणि 1852 च्या सुमाराला स्वतः आखली. प्रशस्त रस्ते, मधूनमधून चौकोनी बागा : मकार्थर स्क्वेअर, मर्चिसन स्क्वेअर, आर्गाइल स्क्वेअर. माणसं तीच, शतक तेच, दगड तोच, वीटही तीच. एका बाजूला रेघ विकणाऱ्याने मारली, दुसऱ्या बाजूला मोजणाऱ्याने. पावणेदोनशे वर्षं झाली, घरं पडली, पुन्हा उभी राहिली, वस्ती चार वेळा बदलली. रेघ हलली नाही. इमारतीचं आयुष्य आपण मोजतो. रेघेचं आयुष्य कोणी मोजलंय?

पूर्वेकडची सीमा आणखी बोलकी आहे. तिचं नाव स्मिथ स्ट्रीट. 1849 मध्ये मेलबर्नसाठी बांधकामाचा कायदा झाला. आगीची भीती होती. लंडनची जळकी आठवण प्रत्येक इंग्रजाच्या उशाशी असते. भिंती दगडविटांच्या हव्यात, आणि दोन घरांमधली सामाईक भिंत छपराच्या वर निघालेली हवी, म्हणजे एक पेटलं तर दुसऱ्याला आच लागू नये. 1850 मध्ये फिट्झरॉय मेलबर्न शहराचा वॉर्ड झालं, आणि हा कायदा तिथे लागू झाला. स्मिथ स्ट्रीटच्या पलीकडचं कॉलिंगवूड त्यातून सुटलं. परिणाम? रस्त्याच्या अलीकडे वीट आणि ब्लूस्टोन, पलीकडे फळकुटांच्या झोपड्या. फिट्झरॉय उंचवट्यावर, कॉलिंगवूड खाली सपाटीत. तेव्हा वरच्यांचं सांडपाणी खालच्यांच्या अंगणात. एक रस्ता ओलांडला की कायदा बदलतो, भिंत बदलते आणि माणसाच्या घरात कुणाची घाण येणार हेही बदलतं. आज स्मिथ स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना सारखीच महाग कॉफी मिळते, तो भाग वेगळा.

1858 मध्ये फिट्झरॉय मेलबर्नपासून फुटून स्वतंत्र नगरपालिका झालं. मेलबर्नचं पहिलं उपनगर असा त्याचा मान. क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्या दोनतीन पेठा त्यात बसतील.

दुसरी गोष्ट, दर्शनी बाजूची. सर क्षमा करतील, पण तिथे थोडं रेंगाळावं असंच आहे ते.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. मी आता 'टेरेस' म्हणेन तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर गच्ची येईल, वाळत घातलेले पापड येतील. ती टेरेस नव्हे. तिकडे टेरेस म्हणजे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरांची रांग. आपल्या बिल्डरांच्या भाषेत रो-हाउस.

1851 मध्ये मेलबर्नच्या व्हिक्टोरिया वसाहतीत सोनं सापडलं. वसाहतीची लोकसंख्या दहा वर्षांत पाऊण लाखाच्या आसपासची पाच लाखांवर गेली. जो तो बोटीतून उतरतो आणि डोक्यावर छप्पर शोधतो. इतकी टंचाई की इंग्लंडहून लोखंडी घरं सुट्या भागांत खोक्यांत भरून आणली आणि तिथे जोडली. दक्षिण मेलबर्नच्या कोव्हेंट्री स्ट्रीटवर 1853 चं तसं एक घर जागच्या जागी उभं आहे. हे वाचताना मला काळा घोडा आठवला. मुंबईचं वॉटसन हॉटेल, 1867 ते 1869 मधलं, त्याचाही लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून, इथे जोडलेला. एकाच साम्राज्याच्या भट्टीतून निघालेला माल. एक बोट मुंबईला वळली, एक मेलबर्नला.

त्या सोन्याच्या दिवसांतली फिट्झरॉयची सर्वांत देखणी रांग म्हणजे निकल्सन स्ट्रीटवरची रॉयल टेरेस. बांधकाम 1853 ते 1858. तीन मजली दहा घरं, ब्लूस्टोनची, समोर कार्लटनची बाग. गंभीर, थोडी आढ्यतेखोर, पण प्रमाणबद्ध. मी तिच्यासमोर बाकावर तासभर बसलो. दागिना जवळजवळ नाही. घडीव दगड आणि खिडक्यांची लय, बस्स. जवळच गर्ट्रूड स्ट्रीटवर ग्लास टेरेस, तीही 1850 च्या दशकातली. ह्यू ग्लास हा त्या काळचा मेंढ्यांचा राजा. प्रचंड कुरणं, प्रचंड पैसा. 1871 मध्ये तो मेला तेव्हा पैसा बुडाला होता.

मग तीस वर्षांनी दुसरी लाट आली आणि रांगा नटू लागल्या. 1880 चं दशक. जॉर्ज ऑगस्टस साला नावाचा इंग्रज पत्रकार 1885 मध्ये आला आणि त्याने शहराला 'मार्व्हलस मेलबर्न' म्हणून टाकलं. ते बिरुद शहराच्या डोक्यात गेलं. कार्लटनच्या बागेत 1880 च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी भव्य घुमटाची वास्तू उभी राहिली होतीच. वास्तुकार जोसेफ रीड, कंत्राटदार डेव्हिड मिचेल. गायिका नेली मेल्बा याच मिचेलची मुलगी. 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाची पहिली संसद याच इमारतीत भरली, आणि 2004 मध्ये बागेसह ती जागतिक वारशाच्या यादीत गेली.

या दशकातलं घर ओळखायची खूण म्हणजे ओतीव बिडाची जाळी. वरच्या ओसरीच्या कठड्याला, खांबांच्या कानाकोपऱ्यांना, पन्हळीखाली. जिकडे पाहावं तिकडे लोखंडी लेस. नेचाची पानं, फुलं, वेलबुट्टी. सुरुवातीला ही जाळी विलायतेहून यायची, मग मेलबर्नच्याच ओतशाळा ती ओतू लागल्या आणि कॅटलॉगमधून नमुना निवडता येऊ लागला. त्यामुळे कारकुनाच्या घरालाही सावकाराच्या घराची झालर लागली. पुष्कळ वास्तुतज्ज्ञांना हे स्वस्त वाटतं. मला वाटत नाही. उन्हाळ्याच्या तिसऱ्या प्रहरी त्या जाळीची सावली भिंतीवर कशी सरकते ते पाहावं. सावलीला दर आकारला जात नाही.

चिवड्यातल्या शेंगदाण्यासारखी एक गोष्ट मध्येच सांगतो. 1880 मध्ये फिट्झरॉयच्या आर्गाइल स्ट्रीटवर मॅकफर्सन रॉबर्टसन नावाच्या तरुणाने आईच्या न्हाणीघरात गोळ्या वळायला सुरुवात केली. त्यातून कारखाना झाला, कारखान्यांचा पांढऱ्या रंगाने रंगवलेला सगळा मोहल्ला झाला, बेडकाच्या आकाराचं चॉकलेट झालं. पुढे त्याने अंटार्क्टिकाच्या मोहिमेला पैसे दिले, म्हणून त्या बर्फाच्या खंडाचा एक भाग त्याच्या नावाने ओळखला जातो. न्हाणीघर ते दक्षिण ध्रुव!

असो. आता मागे वळू.

मी ज्या गल्लीत उभा होतो, ती कशासाठी काढलेली? दिसायला इतकी सुंदर, दोन्ही बाजूंनी उतरता दगड, मधोमध पन्हळ, भिंतींवर वेल. लोक आज तिथे लग्नाचे फोटो काढतात. ती मैल्याची गल्ली आहे. 'मार्व्हलस' मेलबर्नला गटारं नव्हती. जगाला प्रदर्शन दाखवणारं, पाच लाखांच्या घरात पोचलेलं ते शहर रस्त्याच्या कडेच्या उघड्या नाल्यांतून सांडपाणी सोडत होतं. घराच्या मागच्या भिंतीला टेकून संडास. भिंतीत खाली एक झडप. रात्री गाडीवान गल्लीतून यायचा, झडप उघडून बादली ओढायचा. विषमज्वराने माणसं मरत होती. वर्तमानपत्रांनी 'मार्व्हलस' बदलून 'स्मेलबर्न' केलं. शेवटी 1891 मध्ये पाणी आणि मलनिस्सारणासाठी महामंडळ स्थापन झालं, आणि 1897 मध्ये पहिली जोडणी मिळाली. आता हिशेब करा. रॉयल टेरेस पुरी झाली 1858 ला. म्हणजे त्या राजेशाही रांगेतल्या लोकांनी जवळजवळ चाळीस वर्षं बादलीवर काढली.

मुंबईकर ओळखतील, हीच आपली हाउसगल्ली. चाळीच्या मागची, तीच कामाची. फरक एक आहे आणि तो मला इथे, या गावात, सांगितलाच पाहिजे. मेलबर्नमध्ये ते काम रात्रीचं कंत्राट होतं. गाडीवान हलका समजला जाई, नाकं मुरडली जात, पण त्याच्या मुलाला जन्मतःच ती बादली मिळालेली नव्हती. आपण मात्र त्या गल्लीला जात जोडली. हेरिटेज वॉकवाल्यांनी वाड्यांच्या दिंडीदरवाज्यापाशी थांबावं, कोरीव महिरप दाखवावी, जरूर दाखवावी. मागचं दार कोणासाठी होतं ते कोण दाखवणार?

दगडाकडे परत येतो. तो दगड घडवणारे लोक कार्लटनच्या बाजूला विद्यापीठाच्या इमारतीवर काम करत होते. 21 एप्रिल 1856 रोजी त्या पाथरवटांनी टाकी-हातोडा खाली ठेवला आणि संसदेकडे मोर्चा काढला. मागणी होती, दिवसाला आठ तासच काम. मान्य झाली, तीही मजुरी न कापता. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे. कार्लटनच्या लायगन स्ट्रीटवरच्या कामगार सभागृहाजवळ त्याचं स्मारक आहे. वर तीन आठ आहेत, 888. ब्लूस्टोन कठीण, ऊन कठीण. दगड आणि माणूस यांपैकी आधी कोण झिजतो, हे पाथरवटाला वास्तुविशारदापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट, आणि खरं तर हीच सांगायला मी आलोय. हे सगळं वाचलं कसं?

आपल्याला वाटतं, सुंदर होतं म्हणून वाचलं. लोकांना वारशाची जाण होती म्हणून वाचलं. नाही हो. दिवाळं निघालं म्हणून वाचलं.

1880 च्या दशकात मेलबर्नमध्ये जमिनीचा जुगार चालला होता. जागेवर पाय न ठेवता सकाळी प्लॉट घ्यायचा, संध्याकाळी विकायचा. मंत्री त्यात, आमदार त्यात, धर्मोपदेशक त्यात. दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता जेम्स मन्रो 1890 मध्ये वसाहतीचा मुख्यमंत्री झाला. तो स्वतः बँका आणि जमीनकंपन्यांचा जनक. 1891 पासून कंपन्या कोसळू लागल्या. मन्रो लंडनला प्रतिनिधी म्हणून निघून गेला, आणि वर्षभरात दिवाळखोर ठरला. एप्रिल-मे 1893 मध्ये बँकांनी एकामागून एक दारं लावून घेतली. कार्लटनच्या ड्रमंड स्ट्रीटवर बेनव्हेनुटा नावाचं एक घर आहे, पुतळे आणि कलाकुसरीने ओथंबलेलं. शस्त्रांच्या एका व्यापाऱ्याच्या विधवेने, लीआ एब्राहम्स यांनी, ते बांधलं 1892-93 मध्ये. तारीख पाहिलीत ना? शहर बुडत होतं आणि छतावर गिलाव्याची फुलं चढत होती.

त्यानंतर पन्नास वर्षं फिट्झरॉयमध्ये कोणी फारसं काही पाडलं नाही, कारण पाडून दुसरं बांधायला कोणाकडे पैसा नव्हता. सुखवस्तू माणसं ट्रामने दूरच्या, हिरव्या उपनगरांत निघून गेली. निकल्सन आणि गर्ट्रूडच्या कोपऱ्यावर 1887 च्या सुमाराचं केबल ट्रामचं इंजिनघर अजून आहे. जमिनीखालून फिरणारी दोरी तिथून ओढली जाई. त्या ट्रामनेच फिट्झरॉय रिकामं केलं, असं मी म्हणेन. मागे राहिली गरिबी. तीन मजली घराच्या खोल्या पाडून भाड्याने दिल्या गेल्या, बिडाच्या जाळीवर पत्रा ठोकून ओसरीची खोली झाली. आपल्या वाड्यांचं जे झालं तेच. पागडी नव्हती इतकंच.

त्या स्वस्त भाड्यांमुळेच 1920 पासून पुढे आदिवासी कुटुंबं फिट्झरॉयला आली. मिशनांच्या पहाऱ्यातून सुटलेल्यांना इथे भाऊबंद भेटत. कार्लटनच्या बागेतल्या वडाच्या कुळातल्या एका महाकाय झाडाखाली त्यांच्या सभा भरत. गोअर स्ट्रीटवरच्या लहानशा चर्चमध्ये डग निकल्स उपदेश करत. पुढे त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि 1976 मध्ये ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. 1973 मध्ये गर्ट्रूड स्ट्रीटवर आदिवासींनी स्वतःची आरोग्यसेवा सुरू केली. एका गव्हर्नराच्या नावाच्या उपनगरातून, त्या देशाच्या मूळ रहिवाशांतला एक गव्हर्नर निघाला. यावर मी भाष्य करत नाही.

त्याच गरिबीवर सरकारची नजर पडली. 1938 मध्ये हाउसिंग कमिशन स्थापन झालं. हेतू चांगला होता, ओल आणि उंदरांनी भरलेली घरं खरोखरच होती. ऑस्वल्ड बार्नेट नावाच्या एका तळमळीच्या हिशेबनिसाने मुलांचे हाल दारोदार फिरून नोंदवले होते. पण 1960 मध्ये कमिशनने जी पाहणी केली ती मोटारीतून. काचेतून बाहेर बघत अधिकारी रस्त्यांवरून गेले, आणि शहराच्या आतल्या भागातली सुमारे हजार एकर वस्ती पाडण्याजोगी ठरली. हजार एकर! गाडीतून न उतरता! सरांनी त्या अधिकाऱ्यांना पहिल्याच वर्षी नापास केलं असतं. त्यांनी पाहिली ती फक्त दर्शनी बाजू. पोपडे निघालेला रंग पाहिला. आत राहणाऱ्या स्थलांतरित इटालियन बाईने मागच्या अंगणात लावलेले टोमॅटो आणि द्राक्षाचा मांडव पाहिला नाही.

पाडापाडी सुरू झाली. फिट्झरॉयमध्ये गर्ट्रूड आणि ब्रन्सविक स्ट्रीटच्या कोनात रस्त्यांच्या रांगा भुईसपाट करून अॅथर्टन गार्डन्स नावाची वसाहत आली : वीस मजल्यांचे चार मनोरे, आठशे घरं. ज्या गल्ल्यांबद्दल मी बोलतोय त्यांतल्या कित्येक त्या हिरवळीखाली आहेत. मग विरोध झाला. रहिवाशांच्या संघटना उभ्या राहिल्या. 1969 मध्ये कार्लटन असोसिएशन. त्यांत प्राध्यापक होते, विद्यार्थी होते, ग्रीक आणि इटालियन घरमालक होते. बांधकाम मजुरांची संघटना त्यांच्या बाजूने उतरली. कार्लटनच्या उत्तरेला रेल्वेच्या एका मोकळ्या जागेवर गोदाम होणार होतं, मजुरांनी तिथे काम करायला नकार दिला, त्यांचा पुढारी नॉर्म गॅलघर त्यापायी काही दिवस तुरुंगात गेला. आज तिथे बाग आहे. गॅलघर संत नव्हता. पुढे सिडनीत हेच काम अधिक तत्त्वाने करणाऱ्या जॅक मंडी यांची शाखा त्यानेच मोडली. पण बाग आहे ती आहे. 1974 मध्ये व्हिक्टोरियात ऐतिहासिक इमारतींच्या रक्षणाचा कायदा झाला.

आणि मग वाचलेल्या घरांचं काय झालं? त्यांच्या किमती वाढल्या. जाळीवरचे पत्रे निघाले, ओसऱ्या मोकळ्या झाल्या, टोमॅटो गेले. ज्यांच्या गरिबीने ती घरं जपली त्यांना ती परवडेनाशी झाली. आज पालिकेच्या नियमाने काही घरांच्या दर्शनी भिंतीचा रंगही विचारून लावावा लागतो. मागे, गल्लीच्या बाजूला, काच आणि काँक्रीटची नवी खोली काढता येते, मैल्याच्या झडपेच्या जागी मोटारीचं शटर. मी गल्लीगल्लीतून मोजत गेलो. विटांनी बुजवलेल्या झडपा अजून दिसतात, गुडघ्याच्या उंचीवर, चौकोनी. काही ठिकाणी मालकाने त्यात कुंडी ठेवली आहे. त्याला ठाऊक असेल का?

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. पुरतील.

2023 च्या सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया सरकारने जाहीर केलं की मेलबर्नमधले सरकारी घरांचे सगळे 44 मनोरे 2051 पर्यंत पाडून जागा नव्याने बांधायची. त्यात अॅथर्टन गार्डन्सचे चारही आले. कारण? जुने झाले, आजच्या निकषांत बसत नाहीत. आणि आता त्या मनोऱ्यांच्या बाजूने माणसं उभी आहेत. व्हिएतनाम, सोमालिया, इथिओपिया अशा देशांतून येऊन तिथे संसार मांडलेले रहिवासी आहेत, आणि पाडू नका, दुरुस्त करा म्हणून आराखडे घेऊन आलेले वास्तुविशारद आहेत. मी त्या मनोऱ्यांच्या तळाशी गेलो. खरं सांगायचं तर मला ते आवडत नाहीत. रॉयल टेरेसवरून चालत आल्यावर ते डोळ्यांत खुपतात. मी मागे गेलो. मागे भाज्यांचे वाफे होते, आणि एक आजी वाकून कोथिंबीर खुडत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी एक जुडी पुढे केली. भाषा काही कळली नाही, कोथिंबीर घेतली. मुलीने तिची चटणी केली.

मुलीचं घर पश्चिमेला आहे, टार्नीटच्या बाजूला. तिथे आपली मंडळी पुष्कळ, पंजाबी त्याहून जास्त. बिल्डरांनी आखलेल्या वसाहती, एकाला एक लागून, नावं मोठी झुळझुळीत. तिच्या घराचा पाया खणताना ठेकेदाराने वाढीव बिल लावलं, खाली काळा खडक लागला म्हणून. सगळं पश्चिम मेलबर्न त्या लाव्ह्याच्या पठारावर आहे. जावई वैतागले होते. मी खड्ड्यात वाकून पाहिलं, तोच दगड. निघालेले चार धोंडे ठेकेदार टाकून देणार होता, ते मी ठेवून घ्यायला लावले. घराला मागची गल्ली नाही. कुंपणाला कुंपण लागलेलं आहे. म्हणून ते धोंडे पुढे, पायरीशी ठेवले आहेत. माझा नातू त्यांवर उभा राहून शाळेच्या बसची वाट बघतो.